मोडकी गाडी जरूर घ्या, पण तिला लगेच धंदा म्हणू नका



आपल्या चॅनेलवर एक प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, ठोकलेल्या, बंद पडलेल्या मोटारसायकली स्वस्तात घेऊन दुरुस्त करून विकल्या तर धंदा होईल का? मला गाड्यांची आवड आहे." विचारणारे बहुतेक वीस ते तीस वयाचे. कुणी आयटीआय केलंय, कुणी मार्केट यार्डात कामाला आहे, कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि रविवारी पाना हातात घेतो. व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत द्यावं लागतं आणि त्यात निम्मं राहून जातं. म्हणून आज लिहूनच टाकतो.

माझं मत आधी सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. मोडकी गाडी घेऊन ती उभी करणं हा फार चांगला छंद आहे आणि त्याहून चांगली शाळा आहे. पण पहिल्या दोन-तीन गाड्यांवर जो पैसा लागतो ती शाळेची फी समजा, भांडवल समजू नका. फी आपल्या ऐपतीतली असते आणि ती कर्ज काढून भरायची नसते. ज्यांना हा फरक कळला त्यांचं भलं होताना मी बघितलंय. ज्यांना नाही कळला त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेल्या तीन-तीन गाड्या आणि घरात रोजची भांडणं आहेत.

माझं टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे. ही सगळी मंडळी काउंटरवर येतात, बिलं माझ्याकडे होतात. त्यामुळे कुणाचा खर्च कुठे वाढत गेला, हे मला त्यांच्या आधी दिसतं.

आवड आहे ती खरी आहे

आधी छंदाची बाजू घेतो, कारण घरचे लोक तेवढी घेत नाहीत. आपल्याकडे जुन्या गाडीशी माणसाचं नातं असतं. वडिलांची बजाज चेतक, मामाची राजदूत, काकांची येझदी. १९७२ साली आलेली लूना आपल्याच अहमदनगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकची. तिच्यावर किती घरांचा दूधधंदा आणि किती शिक्षकांची नोकरी झाली, हे प्रत्येक गावात सांगतील. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९८५ ते १९९६ एवढंच झालं, पण ज्या पोरांचा जन्म त्यानंतरचा आहे तेही तिच्या आवाजावर जीव टाकतात. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तरी त्या गाड्या हौशी लोकांनी सांभाळून ठेवल्या. २०१८ ला जावा नाव पुन्हा बाजारात आलं आणि त्याआधीच्या वर्षांत ते नाव लोकांच्या लक्षात राहिलं त्यात या हौशी लोकांचा वाटा आहे, असं मी मानतो.

आणि हात चालवायला शिकणं ही सोलापूरला नवी गोष्ट नाही. यंत्रमागाचा जॉबर नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो. तसंच इंजिनचं आहे. पुस्तकात कार्बोरेटरचं चित्र असतं. पण जेट उघडून, साफ करून, परत बसवून गाडी पहिल्या किकला सुरू झाली की जे कळतं ते चित्रातून कळत नाही. ग्राहकाची गाडी शिकायला वापरता येत नाही. स्वतःची मोडकी गाडी उघडून आठ दिवस तशीच पसरून ठेवली तरी कुणी ओरडत नाही. म्हणून मी तिला शाळा म्हणतो.

बर्फावरच्या गाड्यांची गोष्ट

हा छंद फक्त आपला नाही. कॅनडासारख्या देशांत बर्फावर चालणारी स्नोमोबाइल नावाची गाडी असते. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि मधे मोटारसायकलसारखं इंजिन. आपटलेल्या, बंद पडलेल्या स्नोमोबाइल विकत घ्यायच्या, गॅरेजमध्ये उघडायच्या आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत उभ्या करायच्या, हा तिकडच्या बऱ्याच लोकांचा उद्योग. आपल्याकडे पोरं स्प्लेंडर उघडतात तसंच.

या गाडीमागे जो माणूस आहे त्याचं नाव जोसेफ-आर्मंड बोम्बार्डिए. क्युबेक प्रांतातल्या वालकूर गावचा. पोराला यंत्रांचं वेड आहे हे बघून वडिलांनी त्याला एक जुनी, कामातून गेलेली फोर्ड मॉडेल टी दिली. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्याने त्या गाडीचं इंजिन काढून एका घसरगाडीवर बसवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि ती बर्फावर चालवून दाखवली. पंखा उघडा होता, जीवघेणा होता, वडिलांनी ती मोडायला लावली. पण वेड गेलं नाही.

आता पुढचं नीट बघा. त्याने अशा गाड्या बनवून विकायला लगेच सुरुवात केली का? नाही. १९२६ ला त्याने गावात गॅरेज टाकलं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या, त्यावर घर चालवायचं आणि हिवाळ्यात काम कमी असलं की बर्फगाडीवर प्रयोग करायचे. बर्फावर चालणाऱ्या त्याच्या मोठ्या गाडीची विक्री सुरू व्हायला १९३० चं दशक अर्धं सरावं लागलं आणि स्की-डू ही छोटी स्नोमोबाइल आली १९५९ मध्ये. म्हणजे मोडक्या फोर्डने त्याला शिकवलं, गॅरेजने पोसलं आणि धंदा नंतर आला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बेळगाव बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली भावाबरोबर तिथे सायकलचं दुकान काढलं. सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. लोखंडी नांगर १९०३ चा आणि किर्लोस्करवाडी १९१० ची. कंपनी मोठी झाली ती जुन्या सायकली चकाचक करून विकल्याने नाही. हाताला आलेलं यंत्राचं ज्ञान दुसऱ्या कामाला लावल्याने झाली.

आता वही उघडा

बीबीएला आम्हाला खर्चाचे दहा प्रकार शिकवले होते. इथे दोनच पुरतात: खिशातून गेलेला पैसा आणि अंगातून गेलेला वेळ. पोरं पहिला अर्धवट लिहितात, दुसरा लिहीतच नाहीत.

एक नमुना हिशोब मांडतो. आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या गाडीला कमी-जास्त होतील. समजा १०० सीसीची, साधारण दहा वर्षं जुनी, पुढून ठोकलेली, इंजिन धूर मारणारी गाडी घेतली.

खरेदी: ११,००० रुपये
घरी आणायला छोटा हत्ती: ५००
शॉकअपचे पाइप, हँडल, बॉल रेसर: २,६००
रिंग-पिस्टन, बोअर, हेडचं काम: ३,४००
क्लच प्लेट, केबल, चेन-स्प्रॉकेट: २,३००
बॅटरी आणि वायरिंगचं किरकोळ: १,७००
दोन टायर: २,८००
टाकी आणि साइड कव्हरचा पेंट: २,२००
विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट, नावावर करण्याचा खर्च: २,५००

एकूण झाले २९,०००. गाडी विकली ३२,००० ला. पोरगं खूश, कारण तीन हजार सुटले. आता वेळ मोजा. पंधरा रविवार, रोज चार तास, म्हणजे साठ तास. तासाला पन्नास रुपये पडले. आठ तासांचा रोज काढला तर चारशे. त्यात पैसा जवळजवळ चार महिने अडकला. तो सोनं गहाण ठेवून आणला असेल आणि सरासरी वीस हजारांवर महिन्याला एक टक्का व्याज धरलं, तर आठशे रुपये तिकडे गेले. हातात राहिले बावीसशे. तासाला सदतीस रुपयेसुद्धा नाहीत.

याच साठ तासांचा दुसरा हिशोब बघा. तुम्हाला सर्व्हिसिंग चांगलं जमतं. ग्राहकाच्या दारात जाऊन कार्बोरेटर साफ करणं, ऑइल बदलणं, ब्रेक-चेन बघणं याला दीड तास धरा आणि मजुरी तीनशे. साठ तासांत चाळीस गाड्या, बारा हजार रुपये. पार्टचे पैसे ग्राहकाचे, भांडवल तुमचं शून्य, गाडी विकली जाईल का याची चिंता नाही. चाळीस ग्राहक एकदम मिळत नाहीत, हे मान्य. पण जे मिळतात ते परत येतात. विकलेली गाडी घेऊन परत येणारा माणूस तक्रार घेऊन येतो.

मग प्रश्न येतो, दुसराच हिशोब चांगला आहे तर मोडकी गाडी घ्यायचीच कशाला? कारण तो कार्बोरेटर साफ करायला तुम्ही शिकलात कुठे? त्या मोडक्या गाडीवरच. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की कमाई त्या गाडीत शोधू नका, गाडीने हाताला जे दिलं त्यात शोधा.

कागद आधी, पाना नंतर

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण घर बुडवणारा भाग हाच आहे. इंजिन कितीही जाम असू दे, ते उघडता येतं. कागद जाम असेल तर तो पान्याने सुटत नाही.

गेल्या एका बॅचमधल्या मुलाचं सांगतो. नाव सांगत नाही. आईच्या पाटल्या गहाण ठेवून त्याने तीन गाड्या एकदम घेतल्या. दोन ठीक होत्या. तिसरी दिसायला सगळ्यात चांगली होती, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त खर्च केला. विकायच्या वेळी कळलं की आरसीवर फायनान्सचा बोजा आहे आणि मूळ मालकाने हप्ते थकवलेत. घेताना विकणारा म्हणाला होता, "कागद देतो आठ दिवसांत." ते आठ दिवस संपले नाहीत. गाडी चालू आहे, चमकतीय, पण नावावर होत नाही म्हणून विकता येत नाही. पाटल्या अजून तिकडेच आहेत. पोरगा मेकॅनिक म्हणून उत्तम आहे, तरी ही वेळ आली.

म्हणून पैसे देण्याआधी हे बघा:

१. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी चालू आहे का, विमा कधीपर्यंत आहे, फायनान्सचं नाव दिसतंय का. ई-चलनंही तपासा. जुना दंड तुमच्या डोक्यावर येऊन बसतो.

२. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबर घासलेला, परत ठोकलेला किंवा त्याच्यावर नवाच रंग मारलेला दिसला तर तिथून निघा. अपघातात संपलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावायचे, हा जुना खेळ आहे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली गाडी पोलीस ठाण्यात जमा झाली, तर पैसे जातातच आणि जबाब देत बसावं लागतं ते वेगळं.

३. फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

४. फॉर्म २९ आणि ३० वर सही विकणाऱ्याच्या समोर घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतं. "पुढचं गिऱ्हाईक मिळालं की डायरेक्ट त्याच्याच नावावर करू" ही आपल्याकडची आवडती पद्धत. ती सोडा.

हे का सोडायचं तेही सांगतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. मग अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. आता तुम्ही स्वतःला या साखळीत ठेवून बघा. गाडी तुमच्या नावावर करून घेतली, दुरुस्त केली, विकली आणि समोरच्याने नावावर केली नाही. रात्री त्याने कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येणार. तीन हजारांच्या नफ्यासाठी एवढा धोका घरात आणायचा का?

सोलापूरच्या पोरांसाठी आणखी एक. आपण सीमेवर राहतो. विजयपूरची केए २८ आणि कलबुर्गीची केए ३२ पासिंगची गाडी आपल्याला एमएच १३ पेक्षा स्वस्त दिसते. ती स्वस्त असते त्याला कारण आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवीन नोंदणी हे सगळं तुमच्यावर येतं. ते धरून भाव करा, नाहीतर हात जोडा.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं वेगळं गणित. तिची तपासणी करून नोंदणी पुढे वाढवावी लागते, ती पाच-पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीचं हे शुल्क तीनशेवरून हजार झालं आणि उशीर झाला की महिन्याला तीनशे जादा. शिवाय पर्यावरण कर. दहा वर्षं अंगणात पडलेली चेतक "फुकट देतो" म्हणून कुणी दिली तरी आधी ही बेरीज करा. आणि ज्या गाडीची नोंदणीच रद्द झाली आहे ती रस्त्यासाठी घेऊच नका. पार्ट काढायला, इंजिन शिकायला घ्या, भंगाराच्या भावात, आणि ती रस्त्यावर काढू नका.

कोणती मोडकी घ्यायची

मोडकी म्हणजे एकच प्रकार नसतो. बंद गाडी वेगळी, ठोकलेली वेगळी, पाण्यात बुडालेली वेगळी.

शिकायला सगळ्यात चांगली बंद गाडी. धूर मारते, कॉम्प्रेशन नाही, गिअर अडकतो, पण चासी सरळ आहे. यात खर्चाचा अंदाज बांधता येतो. ठोकलेल्या गाडीत पुढचा शॉकअप आणि चाक गेलं असेल तर चालेल; पण चासी वाकली असेल तर सोडा. मागून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा, हँडलच्या नळीजवळ वेल्डिंग किंवा सुरकुती दिसते का बघा. चासीचं जुगाड करून विकलेली गाडी ऐंशीच्या वेगात कुणाच्या तरी पोराच्या हातात असणार आहे. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी पहिल्या वर्षी नको. वायरिंग आणि बेअरिंग एक-एक करून सहा महिने त्रास देतात.

विमा कंपन्यांच्या लिलावातल्या गाड्यांबद्दलही विचारता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधारणपणे ती पूर्ण नुकसान धरली जाते आणि तिचा सांगाडा लिलावात जातो. म्हणजे ज्यांचं रोजचं काम हेच आहे त्यांनी आधीच सांगितलंय की ही दुरुस्त करणं परवडत नाही. तुम्ही पहिल्याच वर्षी त्यांच्यापेक्षा स्वस्तात कसं करणार? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तरच बोली लावा.

मॉडेल निवडताना आवड बाजूला ठेवा. पहिली गाडी अशी घ्या जिचा पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळतो. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन. आरएक्स १०० ला हात घालायची घाई करू नका. तिच्या किमतीत लोखंड कमी आणि भावना जास्त असते. अस्सल पार्ट शोधण्यात वर्ष जातं आणि बाजारात नकली माल भरपूर आहे.

कधी घ्यायची? माझ्या काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. जून-जुलैत पेरणी आणि शाळेची फी एकदम येते, तेव्हा माणूस बंद गाडी काढून टाकायला तयार असतो. दसरा-पाडव्याच्या आधी गिऱ्हाईक जास्त आणि भाव चढा. पण अडचणीतल्या माणसाला लुबाडून भाव पाडू नका. ज्याने गरजेपोटी गाडी दिली त्याला योग्य पैसे दिले तर तोच पुढची गाडी सांगतो.

छंद कुठे संपतो, धंदा कुठे सुरू होतो

वर्षातून एखादी स्वतःच्या नावावरची गाडी विकणं वेगळं आणि नेहमीची खरेदी-विक्री वेगळी. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू केलेत. आरटीओकडून अधिकृत विक्रेता म्हणून परवानगी घ्यायची, गाडी ताब्यात आल्याची ऑनलाइन माहिती द्यायची, नोंदी ठेवायच्या. ही कटकट वाटते, पण यात तुमचंच संरक्षण आहे. जीएसटीची नोंदणी असेल तर जुन्या गाडीच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर आहे, हेही लक्षात असू द्या. धंदा करायचा तर दुकानाचं भाडं, हा कर आणि विकून झाल्यावरची तक्रार, तिन्ही भावात धरावे लागतात.

आणखी एक. दुरुस्त करा, पण रूप बदलू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोलरखाली चिरडतात ते व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील. रील्सला लाइक मिळतात, पण घेणारं गिऱ्हाईक शेतकरी, शिक्षक किंवा कामगार असतो. त्याला मूळ सायलेन्सर आणि चांगलं ॲव्हरेज हवं असतं.

"पण सर, फलाण्याने तर कमावले"

हो, कमावले. मी पण ओळखतो अशांना. ते काय करतात ते जवळ जाऊन बघा. एकाचा स्वतःचा पेंटिंगचा बूथ आहे. दुसऱ्याचा भाऊ लेथवर बसतो, बोअरचं काम घरातच होतं. तिसरा फक्त एकाच मॉडेलच्या गाड्या घेतो. त्यामुळे एका गाडीचा उरलेला पार्ट दुसरीला लागतो आणि त्याला न उघडता सांगता येतं की खर्च किती येणार. चौथा दुरुस्ती करतच नाही, फक्त घेतो आणि देतो. यातल्या प्रत्येकाकडे असं काहीतरी आहे ज्याने त्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमी होतो. तुमच्याकडे तसं काय आहे, हे तुम्ही शोधायचं. ते सापडेपर्यंत छंद म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ज्यांना वाटतं की छंदावर पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी, त्या घरच्यांनाही सांगतो. पोरगा महिन्याला दोन-तीन हजार एका गाडीवर घालतोय, हिशोब लिहितोय, संध्याकाळी घरी आहे आणि हात काळे करतोय, तर त्याला करू द्या. कुठल्याही कोर्सची फी याच्यापेक्षा जास्त आहे.

माझे पाच नियम

एका वेळी एकच गाडी. पहिली उभी राहून नावावर झाल्याशिवाय दुसरी दारात आणायची नाही.

पैसा साठवलेला, उसना नाही. सोनं, बचत गटाचं कर्ज, मित्राचे पैसे यासाठी नाहीत.

खरेदीच्या दिवशीच खर्चाचा अंदाज वहीत लिहायचा. शेवटी खरा खर्च शेजारी लिहायचा. दोन्हीतला फरक जेवढा कमी होत जाईल तेवढे तुम्ही मेकॅनिक म्हणून मोठे होताय.

प्रत्येक रविवारचे तास लिहायचे. स्वतःच्या मजुरीला शून्य किंमत देणारा माणूस धंदा करू शकत नाही.

तिसऱ्या गाडीनंतर थांबायचं, वही घेऊन बसायचं आणि ठरवायचं: मला गाड्या विकायच्या आहेत, की मला जे येतं ते विकायचं आहे?

माझा अंदाज आहे की दहातल्या आठ जणांचं उत्तर दुसरं निघेल. कुणी घरपोच सर्व्हिसिंग सुरू करेल, कुणी फक्त वायरिंगचा माणूस म्हणून ओळखला जाईल, कुणी जुन्या स्कूटरच्या इंजिनचं काम घेईल ज्याला आज कारागीर मिळत नाहीत. उरलेले दोघं गाड्या विकतील आणि चांगल्या विकतील, कारण त्यांना आपला आकडा माहीत असेल.

या विषयावरचा पुढचा व्हिडिओ वहीवरच करणार आहे. तुमच्याकडे एखादी गाडी उघडून पडली असेल तर आत्तापर्यंतचा खर्च आणि तास कॉमेंटमध्ये टाका. गाडीचा फोटो नको, वहीच्या पानाचा फोटो पाठवा. वही नसेल तर आधी ती आणा. दहा रुपयांची मिळते, आणि या सगळ्या कामातलं ते पहिलं हत्यार आहे.